मुक्कामी गाडीच्या मागे

सायकलच्या कॅरिअरला दोन रिकामे डबे बांधून मी बोरगाव मेघेच्या खोलीतून निघालो, तेव्हा घरमालकीणबाई अंगणात सडा टाकत होत्या.

"गावाले चालला काय रे? डबा आनाले?"

"आनाले नाई बाई, शोधाले," मी म्हणालो. थंडीनं दात वाजत होते, तरी बोललो मोठ्यांदा. निदान स्वतःला तरी ऐकू जायला हवं होतं.

आणीबाणी उठली त्याच्या पुढचा हिवाळा. मी वर्ध्याला सायन्सच्या शेवटच्या वर्षाला होतो. खानावळ परवडण्यातली नव्हती. बाबा गावात शिलाईकाम करत आणि त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, "डबा पोचते तोवर कॉलेज. खानावळीचं माह्याच्यानं होनार नाई. मंग मशीनवर बसजो." बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं होतं.

डबा यायचा तो मुक्कामी गाडीनं (रात्री गावात थांबून पहाटे सुटणारी एस.टी.). हिंगणीच्या पुढे, धरणाच्या अंगाला आमचं लहानसं गाव. पहाटे माय डबा ड्रायव्हरच्या पायाशी ठेवायची, सकाळी वर्ध्याच्या स्टँडवर मी तो उचलायचो. ऐन परीक्षेच्या तोंडावर गाडीत डबा येईनासा झाला. विचारलं, तर ड्रायव्हर वामनराव माझ्याकडे न बघता म्हणाले, "गाडी आता हिंगणीलेच थांबते. तुमच्या गावाले नाई येत." का, ते काही त्यांनी सांगितलं नाही. मग मी फुटाणे आणि पाण्यावर अभ्यास केला. फुटाण्यांबद्दल माझं मत तेव्हापासून चांगलं नाही. शेवटी ठरवलं की मशीनवर बसायचंच असेल तर बसू, पण गाडी का रुसली ते कळल्याशिवाय नाही.

पवनारच्या पुलावर थांबलो. धाम नदी खडकांमधून रमतगमत वाहत होती आणि पाण्यावर धुकं होतं. एरवी मी तिथे घटकाभर बसलो असतो. पण रिकाम्या पोटी निसर्ग फार वेळ बघवत नाही, हा माझा अनुभव आहे.

सेलूच्या अलीकडे चेन उतरली. ती बसवता बसवता दोन्ही हात काळे झाले आणि तसाच मी एका टपरीवर चहाला थांबलो. दोन्ही अंगांना केळीचे बगीचे, मधून ओल्या मातीचा वास. टपरीवाल्यानं माझे हात पाहिले, मग चेहरा पाहिला आणि न मागता दोन केळी पुढे ठेवली. मी नको म्हणालो.

"खाय ना बे. पिकून राह्यली, उद्याले फेकाचीच हायेत."

ती चांगली घट्ट होती, फेकण्यासारखी मुळीच नव्हती. त्याला ते माहीत होतं आणि मलाही. मी दोन्ही खाल्ली.

सेलू सोडल्यावर रस्ता हिंगणीकडे वळतो आणि बोरची टेकाडं दिसू लागतात. शेतांतून कापसाची वेचणी चालली होती. बाया ओट्यात (कमरेला बांधलेल्या लुगड्याच्या झोळीत) कापूस भरत पुढे सरकत होत्या. हिंगणीच्या अलीकडच्या फाट्यावर वळून मी आमच्या जवळच्या गाडीवाटेला लागलो आणि भर दुपारी घरी पोचलो. मायनं आधी भाकर वाढली. अंबाडीची भाजी, जवसाची चटणी. मी जेवत होतो आणि ती बोलत होती.

गाडीच्या ड्रायव्हर-कंडक्टरला जेवू घालायची आमच्या गावाची रीत होती. घराघरानं पाळी. यंदा पाळी वरच्या आळीत गेली आणि तिथे एका घरी म्हातारबा वारले. त्या घराला सुतक. शेजारचं घर भावकीतलं, त्यालाही सुतक. अख्खी आळीच एका भावकीची, म्हणजे सगळी आळी सुतकात! सुतकातल्या घरचं जेवण बाहेरच्याला कसं वाढायचं, म्हणून कुणी वाढलं नाही. आणि खालच्या आळीतली आमची मंडळी वेचणीवरून थकून येऊन, वरची आळी वाढतेच आहे, असं समजून निजली. ती दोन माणसं देवळाच्या ओसरीवर उपाशी झोपत राहिली. शेवटी त्यांनीच डेपोत सांगून मुक्काम हलवला.

"कोनी सांगतलं नाई त्याह्यले?" मी विचारलं.

"ज्याले त्याले वाटलं, दुसऱ्यानं सांगतलं असन," माय म्हणाली.

मला हसावं की रडावं कळेना. गावातल्या एका मयतीनं माझी बी.एस्सी. बुडायला आली होती.

दिवेलागणीला मायनं माझ्याबरोबर त्या दोघांसाठी भाकरी आणि वांग्याची भाजी दिली आणि मी सायकल पुन्हा हिंगणीकडे काढली. वामनराव गाडीच्या पायरीवर बसून विडी ओढत होते. मी सगळं सांगितलं. सुतकाचं ऐकल्यावर त्यांनी विडी विझवली.

"असं होय! मले वाटलं, गावाले आमचा वीट आला. सुतक होतं तं सांगाचं होतं ना लेका. आमी काय पाटावर बसाले आल्तो काय?"

"चुकलं आमचं. गाडी परत येऊ द्या."

"ते माह्या हातात नाई आता. ऑर्डर निंगाली."

माझा चेहरा पाहून ते माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "तुमची गाडीवाट सेलूच्या रस्त्याले जिथं लागते, त्या फाट्यावर मी गाडी उभी करीन. डबा दिसला तं घेईन, नाई दिसला तं निंगालो. आन हे भाकरीचं वापस ने. आमची सोय हाय इथं."

माणूस दुखावलेला होता, ते त्या परतलेल्या भाकरीवरून कळलं.

घरी येऊन सांगितलं. फाटा गावापासून चांगला कोसभर. "रोज पहाटे, या थंडीत, कोन जाईन?" बाबा म्हणाले.  माय उद्याच्या भाकरीसाठी पीठ चाळत होती.

पहाटे आम्ही दोघं निघालो. मी सायकल हातात धरून, माय डोक्यावर टोपली घेऊन. फाट्यावर गाडी खरंच थांबली. सायकल टपावर चढली. मायनं माझा डबा ड्रायव्हरच्या पायाशी ठेवला आणि टोपलीतून दुसरा, मोठा डबा काढून वामनरावांपुढे धरला.

"हा कायले, बाई? कालच सांगतलं ना पोराले."

"त्यानं आनलं ते घरचं होतं, भाऊ. हे गावाचं हाय," माय म्हणाली. "तुमी आमच्या वेशीत उपाशी निजले. जितके दिवस निजले, तितके दिवस आनीन. मंग नका घेजा."

 वामनरावांनी दोन्ही हातांनी डबा घेतला, कपाळाला लावला आणि सीटच्या मागे ठेवला.

सेलू गेलं, पवनार गेलं, मी खिडकीशी बसून होतो. काल याच रस्त्यावर मला वाटत होतं की माझ्या शिक्षणासाठी मीच काय ते पायडल मारतो आहे. वर्ध्याच्या स्टँडवर उतरलो तेव्हा मला माझीच लाज वाटली आणि बळही आलं.

परीक्षा संपेपर्यंत ती गाडी त्या फाट्यावर थांबत राहिली. परीक्षेनंतर सामान घेऊन घरी गेलो, तेव्हा वामनराव मला फाट्यावर उतरवताना म्हणाले, "एक गोष्ट सांगू? ऑर्डर तं कवाच फिरली असती. डेपोत इचारलं होतं मले, परत गावात मुक्काम टाकता काय म्हनून. तुह्या मायले सांगतलं, तं तिनंच नको म्हनलं. म्हने, गावानं एकदा उपाशी ठेवलं तुमाले, पुन्हा भरोसा नाई. माह्या पोराचा डबा मी फाट्यावरच आनीन."