रिकामी केलेली ओटी

जर्मनीत, एर्लांगेनला धाकट्या बहिणीचं डोहाळजेवण होतं. लेकीची ओटी आपल्या हातांनी भरायची, एवढ्यासाठी आई साताऱ्याहून आली होती. तांदूळही घरचे आणले होते. मी म्युनिकहून पोहोचले तेव्हा बहीण पांढऱ्या झग्यात उभी होती. ओटीसाठी ओढणी घेतली होती, तीही पांढरी.

अमेरिकेतल्या एका नटीने आपल्या गरोदरपणाचा व्हिडिओ टाकला होता. तिची आई अचानक मागून येते, दोघी गळ्यात पडून रडतात. बहिणीला हुबेहूब तसंच हवं होतं. मी वृत्तवाहिनीत काम केलंय. मी तिला दाखवलं, की त्या व्हिडिओत नटीची आई दारात यायच्या आधीच एक कॅमेरा दाराबाहेर उभा होता.

"ताई, तुला सगळंच खोटं दिसतं."

आईने कुंकू लावलं, ओंजळीने तांदूळ घातले, नारळ ठेवला, काहीतरी पुटपुटली. बहिणीच्या नवऱ्याने फोन खाली केला.

"अहो आई, चेहऱ्यावर सावली आली. पुन्हा एकदा घेऊ या."

"काय पुन्हा?"

"ओटी. तांदूळ परत ताटात घ्या ना."

"जावईबापू, पोटुशी बाईची भरलेली ओटी रिकामी करायची?"

"व्हिडिओपुरतंच हो!"

"आई, प्लीज, मूड नको घालवूस," म्हणत बहिणीने स्वतःच ओढणी ताटावर उलटी केली. नारळ गडगडत सोफ्याखाली गेला. जमलेल्या मैत्रिणींपैकी एकीने वाकून तो काढून दिला. आईने दुसऱ्यांदा ओटी भरली. या वेळी ती रडत होती.

"गेनाऊ! अगदी असंच! परफेक्ट!" जावई म्हणाले.

संध्याकाळी पियानोच्या सुरावर व्हिडिओ झळकला. खाली लोकांनी लिहिलं: आजी होण्याचे आनंदाश्रू. ते आनंदाश्रू नव्हते. भरल्या घरात आईचा अपमान झाला होता, आणि तो आता सजवून दाखवला जात होता. ती नटी निदान तिच्या व्हिडिओतून क्रीम विकत होती. आमच्याकडे विकायलाही काही नव्हतं.

मी बहिणीला तो व्हिडिओ काढून टाकायला सांगितलं.

"का? आई किती गोड दिसतेय!"

सकाळी चहाच्या वेळी आई बहिणीला म्हणाली, "आंघोळ करून ये. फोन आत ठेव. मी नीट ओटी भरते."

बहिणीने स्क्रीनवरून नजर उचलली नाही. "अगं, झाली की काल. सगळ्यांनी बघितली."