टाळूवरचा ठिपका

आत्याला सगळेच आत्या म्हणत. सख्खी भाची एकच, पण अंडी उबवायच्या हॅचरीतला झाडूवाला तिच्याहून दहा वर्षांनी मोठा असून आत्याच म्हणायचा, आणि मालकही. लग्न का केलं नाही असं कोणी विचारलंच तर ती सांगायची, "दिवसाला दोन हजार नर बघते मी. घरी गेल्यावर आणखी एक कशाला?"

यात थापेबाजी काही नव्हती. एकतीस वर्षं ती एकाच टेबलाशी, एकाच दिव्याखाली एक दिवसाची पिल्लं निवडत होती. पट्टेरी कोंबडीचं पिल्लू अंड्यातून निघतं तेव्हा त्याच्या अंगावर पट्टा नसतो. काळी लव, पांढरट पोट आणि टाळूवर फिकट ठिपका, बस्स. मादीचा ठिपका लहान नि कडेला नीटस असतो, नराचा मोठा नि विस्कटलेला. मादीचे पाय काळपट, नराचे पिवळट. सांगायला दोन वाक्यं लागतात, शिकायला दोन वर्षं. आत्या पिल्लू उचलायची, टाळू बघायची, पाय बघायची आणि पुटपुटायची, "बाई, बाई, बाप्या, बाई." बाई डावीकडच्या क्रेटमध्ये जाई. बाप्या उजवीकडच्या पिंपात.

पिंपाला घट्ट झाकण होतं आणि त्यात गॅसची नळी सोडलेली होती. त्याविषयी कोणी बोलत नसे. अंडी न देणाऱ्याला जन्मभर दाणा कोण घालणार, हा सरळ हिशेब होता. आत्याला वाईट वाटत नसे असं नाही, पण तिने मनाची समजूत घातली होती. नर जायचे ते जाणारच, आपल्या हातून भलतं कोणी जाऊ नये म्हणजे झालं. शंभरात चार-पाच तिचेही चुकायचे. पण त्याहून जास्त कधी नाही, आणि याचा तिला ताठा होता. कोणी निवडायला शिकायला आलं की दुसऱ्या दिवशी रडत जायचं. टिकली ती एकटी भाची. भाऊ-भावजय गेल्यावर आत्यानेच तिला वाढवलं होतं, त्यामुळे पळून जायला तिला जागाही नव्हती.

त्या वर्षी माद्याच माद्या यायला लागल्या. ट्रेमागून ट्रे सगळे नीटस ठिपके, सगळे काळपट पाय. "यंदा बायकांचं राज्य," आत्या म्हणायची. पिंप दुपारपर्यंत अर्धंसुद्धा भरत नसे. तिला मनातून फार बरं वाटत होतं, मालकही खूश होते.

दोन महिन्यांनी पहिलं गिऱ्हाईक तणतणत आलं. तलंगा, म्हणजे कोवळ्या माद्या, म्हणून नेलेल्या पिल्लांतली निम्मी तुरे काढून आरवायला लागली होती. मग दुसरं आलं, मग तिसरं.

मालकांनी आवाज चढवला नाही. शंभर पिल्लं तिच्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "आत्या, सावकाश निवडा." तक्रारींमुळे ठिपका जरासा मोठा वाटला तरी नर धरत तिने निवडली. अठ्ठावन्न माद्या निघाल्या. भाचीने त्यांच्या पंखाखाली शाईचा ठिपका लावला, सगळी पुन्हा एकत्र केली आणि तासाभराने तोच ट्रे परत आणला. या खेपेला त्या अठ्ठावन्नांतली एकवीस आत्याने नर ठरवली होती. एकच बाई, एकच दिवा, तीच पिल्लं. आत्याने शाई लागलेली एकवीस पिल्लं एक-एक करून पुन्हा बघितली आणि एप्रन काढून खुंटीला अडकवला. कोणी तिला जा म्हटलं नव्हतं. कोणी थांबही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या खुर्चीवर भाची बसली.

डोळ्यांच्या डॉक्टरने अर्धा तास तपासलं. "डोळे उत्तम आहेत, आजी. अजून दहा वर्षं सुईत दोरा ओवाल."

दुसरं कोणी हे ऐकून हसत घरी गेलं असतं. आत्या म्हणाली, पुन्हा एकदा तपासा. डोळे चांगले, म्हणजे बिघाड डोक्यात. तिची आई शेवटची सहा वर्षं तिला शेजारीण समजत होती. पिठाच्या डब्यात चपला ठेवायची आणि "माझी मुलगी कुठे गेली हो?" असं मुलीलाच विचारायची. आत्याने ते सगळं एकटीने सोसलं होतं. आता आपला नंबर लागला, असं तिने पक्कं धरलं.

आणि एकदा धरलं म्हटल्यावर पुरावे काय, पायलीचे पन्नास मिळतात. छत्री सापडेना, हे लक्षण. दूध उतू गेलं, हेही लक्षण. तिने कपाटांवर, डब्यांवर, दारामागे चिठ्ठ्या चिकटवल्या. गॅस बंद करणे. किल्ली घेणे. मीठ या डब्यात. संध्याकाळी भाची आली की दिवसभरात काय काय विसरले ते तिला सांगायची, शाळेतल्या मुलीने चुका कबूल कराव्यात तशी. एकदा जेवताना म्हणाली, "हे बघ, मी तुला ओळखेनाशी झाले ना, की माझ्याशी वाद घालू नकोस. मी आईशी घालायची. ती घाबरायची गं."

भाची ताट अर्धवट टाकून उठली आणि भांडी घासत बसली.

असे अडीच महिने गेले. मग एका सकाळी औषधाच्या दुकानात अंड्यांच्या ट्रकचा ड्रायव्हर भेटला. हॅचरीला अंडी पुरवणाऱ्या मूळ कोंबड्या दूरच्या फार्मवर असत आणि रोगराई पसरू नये म्हणून टेबलावरच्या माणसांना तिथे पाऊल टाकायची मनाई होती. जाणं-येणं फक्त याचं.

"सुटलात तुम्ही, आत्या," तो म्हणाला. "त्या काळ्या कोंबड्या आणल्यापासून सगळा घोळच आहे."

"कुठल्या काळ्या?"

"म्हणजे तुम्हाला ठाऊक नाही? पट्टेरी कोंबड्या रोगाने मेल्या की मागच्या वर्षी. कोंबडे वेगळ्या शेडमध्ये होते म्हणून वाचले. मालकांनी घाईघाईत साध्या काळ्या माद्या आणल्या आणि तेच पट्टेरी कोंबडे त्यांच्यात सोडले."

आत्याने औषधाची चिठ्ठी परत पिशवीत टाकली. थोरल्या मालकांनी, म्हणजे आताच्या मालकांच्या वडिलांनी, पहिल्याच आठवड्यात तिला हे शिकवलं होतं. पट्टेरी आई आपला पट्टा फक्त मुलाला देते. बापाचा एक आणि आईचा एक असे दोन मिळतात, म्हणून नराचा ठिपका मोठा. आई साधी काळी असेल तर मुलगा-मुलगी दोघांनाही बापाचा एकच, आणि दोघांचे ठिपके सारखेच लहान. त्या शंभर पिल्लांत बघण्यासारखं काही नव्हतंच. ब्रह्मदेवालाही ती निवडता आली नसती.

औषध न घेताच ती घरी आली. वाटेत दोनदा मोठ्याने हसली, लोकांनी वळून बघितलं. भाचीची वाट बघत ती दारातच उभी राहिली आणि ती येताच घडाघडा सगळं सांगितलं. डोकं शाबूत आहे गं माझं, म्हणाली.

भाचीने पिशवी खाली ठेवली. तिला नवल वाटलं नव्हतं.

आत्याने पिल्लांची टाळू बघावी तसा तिचा चेहरा बघितला. "कधीपासून माहीत आहे?"

"तुम्ही सोडलंत त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. मालकांनी सांगितलं. नव्या पट्टेरी कोंबड्या वाढताहेत, त्या अंड्यावर येईपर्यंत गिऱ्हाइकांना सांगायचं की निवडणारं माणूस बदललं. तुम्हाला कळलं तर तुम्ही गावभर कराल म्हणाले. मग माझीही खुर्ची गेली असती."

"मी चिठ्ठ्या लावत होते तेव्हा तू डिंक आणून दिलास."

"हो."

आत्याला राग यायला हवा होता, तो येईना. तिच्या मनात वेगळंच काहीतरी घोळत होतं.

"ठिपके तर सगळे सारखे," ती म्हणाली. "मग तू बघतेस काय?"

"काही बघत नाही. गिऱ्हाईक काचेपलीकडे उभं असतं. पिंप रिकामं दिसलं तर विचारतं, नर कुठे गेले. म्हणून एक इकडे टाकते, एक तिकडे."

"पिंपात?"

"हो, निम्मी."

"आणि हात कापत नाही तुझा?"

भाचीने पिशवी उचलून ओट्यावर ठेवली.

"पहिले दोन दिवस कापला," ती म्हणाली.