पाय उचलला होतास का?

भावोजींचा फोन आला तेव्हा मी मस्कतला अझैबातल्या सर्व्हिस रोडवर एका गिऱ्हाइकाची गाडी चालवून बघत होतो. "इनास, फिलू गेली रे… सकाळी चहा मागितला, कप हातात घेतला आणि गेली." एवढंच बोलले. माझा पाय ॲक्सिलरेटरवरून उठला. ब्रेक मी दाबलाच नाही. गाडी ऑटोमॅटिक, ती आपली आपण मंद होत कडेला गेली. मागून हॉर्न वाजत होते, आणि मी कान देऊन बसलो होतो, जणू एक आवाज यायचा बाकी आहे. त्या गाडीत तो येणं शक्यच नव्हतं. तो आवाज माझ्या माहितीतल्या एकाच गाडीत येतो, आणि ती गाडी इब्राला असते.

फिलोमिना माझी थोरली बहीण. आम्ही वसईचे. मस्कतमधल्या एका भारतीय शाळेत तिने फिजिक्स शिकवण्यात उमेदीची सगळी वर्षं घालवली आणि निवृत्त होऊन भावोजींबरोबर गावी परतली. मी दफनाला पोचलो तेव्हा चर्चच्या फलकावर तिच्या नावाखाली 'निवृत्त शिक्षिका' असं लिहिलेलं होतं. खोटं काहीच नाही. पण फलकापुढे उभा असताना मला राग आला. एवढंच? ती काय होती ते या लोकांना कुणी सांगितलंच नाही? मग लक्षात आलं की सांगणारा मीच, सगळं माहीत असलेलं दुसरं कुणी उरलेलं नाही. मी बोलणारा माणूस नव्हे. आमच्या घरात बोलण्याचं खातं तिच्याकडे, माझ्याकडे पाने आणि स्क्रू-ड्रायव्हर. शिवाय तिच्या कर्तबगारीची गोष्ट सांगायची तर माझी एक लबाडीही सांगावी लागते, कारण ती गोष्ट त्या लबाडीतूनच सुरू झाली. इतकी वर्षं म्हणूनच गप्प होतो… आता सांगतो.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिच्याच शब्दावर मला अझैबाच्या एका गॅरेजमध्ये नोकरी मिळाली. गॅरेजच्या मालकाला आम्ही सगळे अर्बाब म्हणायचो, इथेही तेच म्हणतो. एका ईदला त्यांनी आम्हाला घरच्यांसकट इब्राला, त्यांच्या गावी, जेवायला बोलावलं. जेवणानंतर ते आम्हाला खजुरीच्या बागेतल्या एका शेडमध्ये घेऊन गेले. आत धुळीने माखलेली एक जुनी अमेरिकन गाडी उभी होती, पन्नास सालच्या आसपासची, गोलमटोल, म्हशीसारखी भारदस्त. घरात तिचं नाव 'अजूज', म्हणजे म्हातारी. अर्बाबच्या वडिलांनी ती कुवेतमध्ये जुनी विकत घेतली, लाकडी जहाजातून सूरच्या बंदरात आणली आणि फळ्या टाकून किनाऱ्यावर उतरवली. "मेरा बाप एक पाँव मोड़ के चलाता था," अर्बाब हसत म्हणाले, "जैसे मजलिस में बैठा है. लोग बोलते थे, गाड़ी जिन्न चलाता है." वडील गेल्यावर कुणी तिला हात लावला नव्हता. बॅटरी मेलेली, टायर जमिनीला चिकटलेले. फिलूताईने ओढणीने मागचा बंपर पुसला. खालून 'फ्लुइड ड्राइव्ह' अशी अक्षरं निघाली आणि ही बाई शाळकरी पोरीसारखी ओरडली, "इन्या! अरे, ही अर्धी ऑटोमॅटिक आहे!"

इब्रापासून मस्कतपर्यंत ती बोलत होती. कॉलेजात तिच्या एका प्राध्यापकांकडे अशी गाडी होती आणि ते वर्गात ती समजावून सांगत, तेव्हापासून हे खूळ तिच्या डोक्यात. क्लच दाबणं ही शिक्षा आहे असं अमेरिकन लोकांना फार लवकर वाटायला लागलं, ती सांगत होती. आधी कुणीतरी इंजिनाच्या व्हॅक्यूमवर क्लच आपोआप ओढायची सोय केली. ती भलत्या वेळी हिसके द्यायची. मग एकाने ठरवलं की इंजिन आणि गिअर यांची थेट गाठच घालायची नाही, मध्ये तेल ठेवायचं. समोरासमोर दोन वाट्या, त्यांत पाती. एक फिरली की तेल दुसरीला फिरवतं, त्यामुळे गाडी गिअरमध्येच उभी राहिली तरी बंद पडत नाही. पण गिअर अजून हातानेच टाकायचा. पुढच्या गाड्यांत तेही काम अर्धं सोपवलं. वेग आला की ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलायचा, क्षणभर थांबायचं, आत 'टक' होतं आणि वरचा गिअर पडतो. क्लच लागतो तो फक्त सुरुवातीला आणि रिव्हर्सला. थोड्याच वर्षांत पूर्ण ऑटोमॅटिक गाड्या आल्या आणि मधली ही सगळी पिढी मोडीत निघाली. "तुमची गिअरची गाडी सगळं माणसालाच करायला लावते," ती म्हणाली, "ऑटोमॅटिक माणसाला विचारतच नाही. ही मात्र विचारते, झालं का तुझं? आणि तू पाय उचलून सांगायचंस, हो, झालं."

"फिलू," मागच्या सीटवरून भावोजी म्हणाले, "तो पेंगायला लागलाय आणि गाडी तो चालवतोय."

मी पेंगत नव्हतो. पण ऐकतही नव्हतो. रोज गाड्यांखाली झोपणाऱ्या माणसाला शाळेतल्या बाईने गिअर शिकवावा, याची आत कुठेतरी मौजही वाटत होती आणि… थोडा रागही.

पुढच्या उन्हाळ्यात ताई सुट्टीला वसईला गेलेली असताना अर्बाब गॅरेजमध्ये आले. "इनास, भतीजे की शादी है, अजूज चाहिए. यल्ला, चलो." आम्ही गाडी ट्रकवर घालून आणली. इंजिन लवकर बोलायला लागलं. मी ती रस्त्यावर काढली. आता इथे गाडी कशी चालवतात ते आखातात राहिलेल्यांना माहीत आहे. एका राउंडअबाउटवरून निघालेला पाय पुढच्या राउंडअबाउटपर्यंत उठत नाही. मीही तसाच दाबून बसलो. इंजिन बोंबलायला लागलं, वरचा गिअर पडेना. परत फिरवली, पाय आणखी दाबला. पडेना. गॅरेजमध्ये आमचे जुने मेकॅनिक होते हसनभाई, दापोलीकडचे. त्यांनीही तशीच एक चक्कर मारली आणि उतरून मान हलवली, "मेला हिचा गिअर. काढू काय?" मी म्हटलं, "काढा." तेलाच्या त्या वाट्यांसकट सगळं काढलं, एका पिकअपचा साधा गिअर आणि क्लच बसवला, दांडा वर यावा म्हणून फरशीला भोक पाडलं. अजूज फुलं लावून लग्नात मिरवली. अर्बाबनी माझ्या पाठीवर थाप मारली.

ताई परत आली ती सुकेळीची, म्हणजे वाळवलेल्या केळ्यांची, पुडकी घेऊन थेट गॅरेजमध्ये. हसनभाईंना सुकेळी आवडायची. गाडी दारातच उभी होती. तिने काचेतून आत पाहिलं, फरशीतून वर आलेला दांडा पाहिला, आणि हातातलं पुडकं बॉनेटवर ठेवलं. मी गिअर बाद होता वगैरे सांगितलं. तिने एकच विचारलं. "पाय उचलला होतास का?"

इब्राच्या रस्त्यावरचं तिचं सगळं बोलणं मला त्या क्षणी आठवलं. माझ्या हाताखालचे मेकॅनिक उभे होते, दारात अर्बाब होते. "उचलला की," मी म्हणालो. "दोनदा उचलला." ते 'दोनदा' कुठून आलं, मला आजही कळत नाही. हसनभाई माझ्याकडे बघून सुकेळी सोडायला लागले. ताईने माझ्यावर विश्वास ठेवला. "मग आत नक्की काहीतरी तुटलंय," ती म्हणाली, "काढलेला गिअर कुठे आहे?"

गिअर गॅरेजमागे ताडपत्रीखाली पडला होता. ती तो घरी घेऊन गेली. तळमजल्यावरच्या त्यांच्या घरापुढे गाडी लावायची जागा होती, तिथे चादर अंथरून तिने तो उघडला. "मम्मा, धिस इज माय बेडशीट!" माझा भाचा मेल्विन किंचाळला. "मग आज त्याच्यावर झोपू नकोस," ती म्हणाली. दोन हिवाळे हे चाललं. इथे सुट्टी शुक्रवारची, त्या दिवशीची मिस्सा आटोपून ती यायची, जुम्माची नमाज आटोपून हसनभाई यायचे, आणि गाऊनवरच शाळेचा जुना लॅबकोट चढवून आमची फिलूताई तुटलेला भाग शोधायला बसायची. दात पाहिले, चांगले. वेग ओळखणारा गव्हर्नर सोडवून वर्गात नेला, मुलांकडून दोऱ्याने फिरवून घेतला, चांगला. वीज देऊन झडप हलवणारी कॉइल पाहिली, गाडीवरच्या तारा तपासल्या, चांगल्या. दर शुक्रवारी एक भाग निर्दोष सुटायचा आणि ती हात पुसत माझ्याकडे बघायची. "हाही चांगला आहे रे. मग बिघडलं काय?" मी चहाचा कप हातात घेऊन तिथेच बसलेला असायचो. "असेल काहीतरी," म्हणायचो. एक वाक्य बोललो असतो तर तिचं काम त्याच दिवशी संपलं असतं… हसनभाई एकदा निघताना मला हळूच म्हणाले, "बाईला सांगून टाक रे बाबा." मी म्हटलं, पुढच्या शुक्रवारी. हसनभाईंनीही मग तो विषय काढला नाही, पण त्यांचं येणंही चुकलं नाही.

नसलेला बिघाड शोधता शोधता तिने तो गिअर असा ओळखला की मस्कतमध्ये तसं ओळखणारं दुसरं कुणी नसावं. हे मी भाऊ म्हणून नाही, गिअर उघडण्यात आयुष्य घालवलेला माणूस म्हणून सांगतो. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात तिने चकचकीत पुसलेला तो गिअर मांडला आणि शेजारी घरचे दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवले. एकाची पिन लावलेली, दुसऱ्याची वायर सुटी, सगळ्यांना दिसेल अशी टेबलाखाली लोंबत असलेली. पहिला सुरू केला की दुसरा आधी आळसावल्यासारखा, मग भराभर फिरायला लागायचा. मुलांची रांग लागली होती. अर्बाबना तिनेच बोलावलं होतं. ते शुभ्र, पायघोळ दिशदाशात वाकले, टेबलाखालची सुटी वायर हातात धरून पाहिली.

"ये किसने चालू किया?"

"सामनेवाले ने," ताई म्हणाली. "बीच में हवा है. आपकी अजूज में तेल था. इसीलिए आपके वालिद पाँव मोड़ के बैठते थे, अर्बाब. कोई जिन्न नहीं." मग तिने गिअरवर हात ठेवला. "इसमें कोई खराबी नहीं है. मैंने एक-एक पुर्जा देखा है. वापस लगाने दीजिए."

मी मागेच उभा होतो. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. अर्बाब म्हणाले, "इन्शाल्ला," आणि त्यांच्या तोंडच्या इन्शाल्लाचा अर्थ कधी हो असतो आणि कधी नाही, ते गॅरेजमध्ये आम्हाला कधीच कळलं नव्हतं. पण त्याच आठवड्यात गिअर न्यायला ट्रक तिच्या फाटकापाशी उभा राहिला. त्या दिवशी गॅरेजमधल्या प्रत्येकाला, विचारलेलं नसतानाही, मी सांगत होतो की ही माझी बहीण.

हसनभाईंनी आणि मी गिअर परत बसवला, फरशीचं भोक बुजवलं. इब्राच्या रस्त्यावर सकाळी पहिली चक्कर. अर्बाबनी मला चालवायला बसवलं. शेजारी ताई, मागे अर्बाब आणि हसनभाई. वेग वाढत गेला, इंजिनाचा आवाज चढत गेला, आणि ती पुढे रस्त्याकडे बघत शांतपणे म्हणाली, "आता पाय उचल."

मी उचलला. इंजिन निवलं. क्षणभर काहीच नाही. मग पायाखाली कुठेतरी खोल, मऊ 'टक'. गाडी सैल सुटली. मागे हसनभाईंनी टाळी वाजवली. ताई मला एकट्यालाच ऐकू जाईल इतपत म्हणाली, "बघ. काहीच तुटलं नव्हतं."

तेव्हा तरी बोलायचं. पण मी म्हणालो, "तेल नवीन घातलंय ना, म्हणून."

तिने वळून माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ. मग ती हसली, लहानपणी आमच्या वाडीतल्या चिंचा चोरून खिसा झाकणाऱ्या माझ्याकडे बघून हसायची तशी. "हो तर," म्हणाली, "तेल." नंतर अर्बाब चालवायला बसले, डावा पाय मोडून मांडीखाली घेतला. तिने हा विषय पुन्हा कधी काढला नाही. उलट जो भेटेल त्याला सांगत राहिली, "माझ्या भावाने बसवला तो गिअर." तिच्या वर्गातून बाहेर पडून इंजिनीअर झालेली मुलं दफनाला आली होती, त्यांनाही तिने तेच सांगितलेलं. ती मुलं माझा हात धरून म्हणत होती, अंकल, तुम्हीच ना ते?

ताईच्या महिन्याची मिस्सा झाल्यावर मी मस्कतला परतलो आणि पहिल्या शुक्रवारी इब्राला गेलो. अर्बाब आता थकलेत. त्यांनी काही न विचारता किल्ली पुढे केली. "तेरी बहन उस्ताद थी," म्हणाले. शेडमधून मी अजूज एकट्यानेच काढली. शेजारची सीट रिकामी. बागेबाहेरच्या सरळ रस्त्याला लागल्यावर डावा पाय मोडून मांडीखाली घेतला. वेग वाढू दिला. मग उजवा पाय उचलला.

पाय उचलल्यापासून 'टक' होईपर्यंतचा वेळ थोडासाच असतो. घाईच्या माणसाला तो जाणवत नाही. मला मात्र त्यात तिचा प्रश्न ऐकू आला, बॉनेटवर ठेवलेल्या सुकेळीच्या पुडक्यासकट.

"नाही ताई," मी मोठ्याने म्हणालो. "नव्हता उचलला."

टक.