आधी सुईचा फोटो टाका

शिवणाऱ्या बाईच्या घरात चिंध्या साठतात. फेकायला घेतल्या की वाटतं, राहू दे, कुठेतरी ठिगळाला होईल. फोरम चालवणाऱ्या बाईकडे तसेच किस्से साठतात. माझ्याकडे दोन्हींची पोती भरलीत. चिंध्या घ्यायला सून तयार नाही, निदान किस्से तरी तुम्ही घ्या.

आधी माझं सांगते. मी भाईंदर पश्चिमेची. शाळा चौथीपर्यंत. लग्नानंतर शिलाई मशीन घेतलं, ते वर्षभरात अडलं. मेकॅनिक म्हणाला, "बाई, हे तुमच्या हाताचं काम नाही." तो जिना उतरेपर्यंत मी स्क्रूड्रायव्हर शोधला होता. सगळं मशीन उघडलं, पुसलं, तेल घातलं, परत जोडलं. दोन स्क्रू उरले. मशीन मात्र धडधड चालायला लागलं!

ते दोन स्क्रू अजून बटणांच्या डबीत आहेत. कुणी फार शिकवायला लागलं की मी डबी वाजवते.

*

फोरम काढून दिला सुनेनं. प्राजक्ता डिजिटल मार्केटिंगच्या ऑफिसात आहे. नाव ठेवलं 'सुई-दोरा'. घरी शिवणाऱ्या बायकांनी मशीनची तक्रार लिहायची, मी उत्तर द्यायचं. घरी शिवणारीचं मशीन बंद म्हणजे तिचं दुकानच बंद, हे मला कुणी सांगायला नको.

पहिल्याच महिन्यात नवघरच्या भारतीचा प्रश्न आला. "काकू, टाके सुटतायत. उद्या साखरपुड्याचा ब्लाउज द्यायचाय."

मी विचारलं, दोऱ्याचं टेन्शन बघितलं? बघितलं. खालच्या दोऱ्याची बॉबिन? बदलली. दुपारभर आमचं चाललं होतं. शेवटी मी वैतागून म्हटलं, सुईचा फोटो टाक. तिनं टाकला. सुईची चपटी बाजू चुकीच्या अंगाला! मी सगळ्यांसमोर लिहिलं, "सुईची पाठ कुठली, पोट कुठलं हे कळत नाही, तर मशीनला हात कशाला लावता?"

बारा बायकांनी हसरे चेहरे टाकले. मला फार बरं वाटलं.

भारतीनं पुन्हा एक अक्षर लिहिलं नाही.

त्या दिवसापासून मी नियम केला, आधी सुईचा फोटो, मग प्रश्न. नियम चांगलाच होता. तो माझ्या तोंडाला लावायला हवा होता, एवढंच.

*

वर्षभरानं प्राजक्ता म्हणाली, "आई, खरं सांगू? हा फोरम नाहीये. हा तुमचा दवाखाना आहे. तुम्ही एक दिवस आजारी पडलात की कुलूप."

"मग काय करू?"

"थोडी पेड जाहिरात करू. ऑर्गॅनिक, म्हणजे आपलं आपण वाढायला, वेळ लागतो."

"मला कुठे घाई आहे?"

ती लाडकी आहे, पण जिभेनं माझ्यावरच गेलीय. म्हणाली, "आई, सत्तरी ओलांडलीत तुम्ही!"

मी दिवसभर तिच्याशी बोलले नाही. ती चुकीचं बोलली असती, तर भांडले असते.

*

जाहिरात झाली. 'शिलाई मशीनची अडचण? आमच्याकडे या!' खाली मशीनचा चकचकीत फोटो. चार दिवसांत शेकड्यानं माणसं आली. मी चष्मा पुसून बसले, तेलाची बाटली, जुने सुटे भाग, सगळं टेबलावर मांडलं. आता प्रश्नांचा पाऊस!

पहिला प्रश्न : "फ्री मशीनचा फॉर्म कुठे आहे?"

दुसरा : "आंटी, फ्री मशीन का लास्ट डेट क्या है?"

तिसऱ्यानं प्रश्न विचारलाच नाही, सरळ आधार कार्डाचा फोटो टाकला!

कुठे सरकारी मशीन वाटतायत असं वाटून आले होते बिचारे. मी एकेकाला लिहीत बसले, "बाबा, इथे मशीन मिळत नाही. असलेलं चालू करून मिळतं." आठवड्यात सगळे पसार. प्राजक्ताचा आलेख आधी डोंगर, मग दरी.

*

मग तिच्या ओळखीच्या एका एजन्सीवाल्यानं सुचवलं, "मॅडम, लोक गर्दी बघून येतात. आम्ही ॲक्टिव्ह मेंबर पुरवतो."

"पुरवता म्हणजे? लग्नात बँड पुरवतात तसे?"

"तसंच समजा!"

पुरवले. प्रत्येक पोस्टखाली 'मस्त', 'वा ताई', 'लय भारी'. फोरम कसा नांदता दिसायला लागला. मलाही, खोटं कशाला बोलू, दोन दिवस गुदगुल्या झाल्या.

तिसऱ्या दिवशी एकीनं फोटो टाकला. चालू मशीनखाली बोट गेलेलं, सुई नखातून आरपार. विचारत होती, काढू की तशीच दवाखान्यात जाऊ?

खाली लगेच तीन उत्तरं. "खूप सुंदर!" "वा ताई!" "असंच शिवत राहा!"

मी तिला फोन लावला, सुई ओढू नको, तशीच दवाखाना गाठ म्हणून सांगितलं. मग प्राजक्ताला हाक मारली. "हा बँड आत्ताच्या आत्ता बंद कर."

तिनं तो फोटो बघितला आणि वाद न घालता बंद केला.

*

मग माझी पद्धत. दुरुस्तीला आलेल्या ज्या मशीनला हात लावीन, त्याच्या ड्रॉवरमध्ये एक चिठ्ठी. 'अडलं तर इथे विचारा', खाली फोरमचा पत्ता आणि माझा नंबर. प्राजक्ता म्हणाली, "आई, हे मार्केटिंग नाही, हा ताईत आहे."

पण ड्रॉवर कुणी रोज रिकामा करत नाही. मशीन विकलं जातं, चिठ्ठी तिथेच. घोडबंदरला एकीनं जुनं मशीन घेतलं, तिला सापडली. नया नगरच्या शबानाला तिच्या आत्याकडून आलेल्या मशीनमध्ये सापडली. तिचा फोन आला, "आंटी, मराठी पढ़ना नहीं आता, मगर फोटो तो समझ में आता है ना?"

मी म्हटलं, "मशीन को कौन सी भाषा आती है? आ जा!"

महिन्याला दोघी नाहीतर तिघी यायच्या. पण आलेली टिकायची.

*

एक चेणे गावची वनिता. रोज सगळं वाचायची, हे प्राजक्ताला तिच्या स्क्रीनवर दिसायचं. बोलायची मात्र नाही. मी म्हणायचे, "बघ, आयत्या पिठावर रेघोट्या!"

एकदा तिनं मला एकटीला निरोप पाठवला, आवाजातला. "काकू, मना तुमच्यासारखा लिवाला येत न्हाय. बायका हसतील. बोलून धाडू का?"

बायका हसतील. मला तेच बारा हसरे चेहरे आठवले. त्याआधी कोण काय बोललं होतं, तेही आठवलं.

मी उत्तर लिहायला घेतलं, मग वाटलं, हिला बोलूनच सांगावं. म्हटलं, "वनिता, धाड. मी चौथी पास आहे, मला कुणी हसू शकत नाही, मग तुला कोण हसतं बघू."

तेव्हापासून तिची उत्तरं ऐकू येतात. मागे कोंबड्या, पुढे वनिता : "घाबरू नको गं बाय. आधी चाक हातान फिरव." माझ्या उत्तरात 'घाबरू नको' कधी नसायचं.

*

आणि मग माझा मोतीबिंदू. डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवस स्क्रीन नाही, शिवण नाही. प्राजक्तानं मोबाइल काढूनच घेतला. माझ्या मनात एकच, दवाखान्याला कुलूप लागणार. रोज विचारायचे, "कुणी लिहिलं का गं?" ती म्हणायची, "डोळे मिटा, आई."

सोळाव्या दिवशी मी मशीनवर बसले. जुनी सुई काढून नवी घातली, उशीचा अभ्रा घेतला. टाके सुटायला लागले. टेन्शन बघितलं, बॉबिन बदलली. उघडून जोडलं सुद्धा. या वेळी स्क्रू एकही उरला नाही, तरी टाके सुटतच होते!

विचारणार कुणाला? आजवर मी कुणाला प्रश्न विचारलेला नाही. स्वतःच्या नावानं विचारायची लाज वाटली. प्राजक्ता ऑफिसला निघाली होती, तिचा जुना फोन घरी होता. तिच्या खात्यावरून तिनं कधी काही लिहिलं नव्हतं, त्यावरून गुपचूप लिहिलं, "टाके सुटतात. काय करावं?"

चहा गाळेपर्यंत उत्तर आलं. माझं नव्हतं, वनिताचं नव्हतं. भारतीचं होतं. नवघरच्या.

"ताई, नवीन दिसताय. आधी सुईचा फोटो टाका, मग सांगते."

मी टाकला.

"सुई उलटी बसलीय, ताई. चपटी बाजू फिरवून घ्या. पहिल्यांदा सगळ्यांचंच होतं. आणि विचारायला लाजू नका हं, इथे आता कुणी ओरडत नाही."