राहिली म्हणजे राहिली नव्हे

आमच्या व्हिडिओच्या शेवटी पडद्यावर तीन ओळी येतात. कॅमेरा, आवाज आणि मजकूर. मजकूर या शब्दापुढे माझं नाव आहे. अजूनही कधी तो व्हिडिओ लावला की मी तिथं बोटानं थांबवते आणि ती ओळ नीट वाचून घेते. नववीत शाळा सुटलेल्या मुलीचं नाव असल्या शब्दाशेजारी बसलंय आणि कुणी ते तिथून उठवलेलं नाही, याची खात्री करून घेते म्हणा.

मी मालवणकडची. वडील अंथरुणाला खिळले, आई काजूच्या कारखान्यात जायला लागली, घरी कुणीतरी हवं होतं, म्हणून शाळा राहिली ती राहिलीच. पुढं काही वर्षांनी वसमतच्या मावशीचं ऑपरेशन झालं. काका एसटी डेपोत कामाला, दिवसभर बाहेर. मावशीच्या हाताखाली कुणी हवं म्हणून मला पाठवलं, आणि खाडीच्या काठावरून मी थेट हळदीच्या गावात आले. मावशी बरी झाली तसं तिनंच एका मोफत कोर्सला माझं नाव घातलं. मोबाइलवर व्हिडिओ कसा करायचा, तो सोशल मीडियावर कसा टाकायचा, असा कोर्स. "माझी भांडी किती दिवस घासशील गं," म्हणाली. तिचे हे उपकार मला आयुष्यभर पुरतील.

वर्गात बाकी सगळी कॉलेजातली. पहिल्या दिवशी जो तो उठून बीए, बीकॉम सांगत होता. माझी पाळी आली तेव्हा मी फक्त गावाचं नाव सांगितलं आणि खाली बसले. मागून एक पोरगा म्हणाला, "मालवण? मंग येताना मासे काहून न्हाई आनले?" सगळे हसले. 'काहून' म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं, त्यामुळे मीही हसले. 'काहून' म्हणजे 'का'; आमच्याकडं 'कित्याक' म्हणतात. इतकं सोपं होतं ते.

तोच पोरगा पुढं आमच्या गटात आला. आखाडा बाळापूरचा. कॅमेरा त्याच्याकडं, म्हणून आम्ही त्याला कॅमेरेवाला म्हणायचो. दुसरी वसमतचीच एक मुलगी, बोलायला पक्की, मुलाखती तिच्याकडं. तिचं नाव बोलकी पडलं. मजकूर माझ्याकडं आला तो एका गमतीनं. ती दोघं मराठी इंग्रजी अक्षरांत टाइप करायची. मला इंग्रजी स्पेलिंगची धास्ती, म्हणून मी आधीच मराठी कीबोर्ड शिकून घेतला होता. सर म्हणाले, "मंग सबटायटल हिच्याकडं. आन् भाषा स्वच्छ पाहिजे, पुण्यामुंबईच्या माणसाला बी कळली पाहिजे."

कोर्सच्या शेवटी प्रत्येक गटानं एका खऱ्या संस्थेचं काम फुकट करून द्यायचं, असा नियम होता. आमच्या वाट्याला शिरड शहापूरची ताई आली. दिवसा ब्लाउज शिवायची. स्वतः पोलीस भरतीची तयारी केलेली, उंचीत थोडक्यात हुकलेली. त्यानंतर तिनं गावच्या विहाराच्या हॉलमध्ये मुलींसाठी अभ्यासिका काढली. सतरंज्या, एक फळा, जमवलेली पुस्तकं. समितीच्या जाणत्या माणसांनी तिला सरळ सांगितलं होतं, "पोरी आल्या तर हॉल तुझा. न्हाई आल्या तर उन्हाळ्यापासून कार्यक्रमाला देऊ." मुली येत होत्या, पण फक्त विहाराच्या आसपासच्या गल्लीतल्या. गावाच्या दुसऱ्या टोकाची एकच यायची, एका हळदवाल्या शेतकऱ्याची लेक. पहाटे रस्त्यावर पळायची, दुपारी अभ्यासिकेत बसायची.

"ही टिकली की तिकडच्या दुसऱ्या येतील," ताई म्हणाली. "हिचा बाप कॅमेऱ्यासमोर बोलला ना, मंग मला घरोघर बोलत हिंडायची गरज न्हाई."

बाप बोलला. बोलकीनं त्याला ओट्यावर बसवलं, कॅमेरेवाल्यानं कॉलर माइक सदऱ्याला लावला. "हे ढेकूण काय लावून राहिला," एवढं म्हणून तो बोलायला लागला तो थांबेना. त्यातलं एक वाक्य आम्हा तिघांनाही आवडलं: "पोरगी तिथं जाऊन राहिली, तवापासून घरी बी पुस्तक उघडून राहिली."

मी घरी येऊन ते वाक्य पुन्हा पुन्हा ऐकलं. जाऊन राहिली. आमच्याकडं एखादी मुंबईला जाऊन राहिली म्हटलं की ती तिथं राहायलाच गेली, बिऱ्हाड केलं. मला वाटलं, केवढी जिद्द या मुलीची, की राहायलाच गेली तिथं, सुट्टीला घरी आली तरी पुस्तक उघडते. सरांनी स्वच्छ भाषा सांगितली होती. मी स्वच्छ केली. व्हिडिओच्या पहिल्याच चित्रावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'माझी मुलगी आता अभ्यासिकेतच राहते.'

कॅमेरेवाल्यानं पाहिलं. "भारी," म्हणाला. त्याला वाटलं, कायम तिथंच असते, असं जोर देऊन लिहिलंय. बोलकीनंही मान डोलावली. सरांनी घाईत पाहिलं. आणि व्हिडिओ गावच्या ग्रुपवर, ताईच्या पेजवर, सगळीकडं गेला.

दुसऱ्या दिवशी वर्ग सुरू असतानाच ताईचा फोन आला. बोलकीनं तो स्पीकरवर टाकला.

"तुमी काय लिहिलं गं ते? पोरीच्या मामाचा सकाळी फोन आला तिच्या बापाला. भाची घर सोडून गेली अन् आमाला पत्ता न्हाई, म्हणून. शेजारी पुसून राहिले, पोरगी रातच्याला बी तिथंच असती का. बापानं तिला आज पाठवली न्हाई. तिच्या गल्लीतल्या दोघी येतो म्हणल्या होत्या, त्या बी न्हाई आल्या."

बोलकी म्हणाली, "अहो ताई, पण तेच तर म्हणले ते, जाऊन राहिली." आणि म्हणता म्हणता थांबली. माझ्याकडं वळून तिनं हळूच विचारलं, "तुझ्याकडं जाऊन राहिली म्हंजे काय गं?"

मी सांगितलं. कॅमेरेवाल्यानं कपाळावर हात मारला. "अगं, जाऊन राहिली म्हंजे जाते. आत्ता तू रडून राहिली, म्हंजे काय रडण्यात मुक्काम केला का?"

मी खरंच रडत होते. शूटिंगच्या दिवशी पाहिलेलं त्या मुलीचं पाठीला घट्ट बांधलेलं दप्तर मला दिसत होतं. मुलगी घराबाहेरची होईल, या ज्या भीतीनं आईबाप मुलींना तिथं पाठवत नव्हते, नेमकी तीच मी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवली होती. मी म्हणाले, मी कोर्स सोडते, तुम्ही दोघं माझं नाव काढून टाका.

"तू एकटी काहून जाशील?" बोलकी म्हणाली. "मी वाचलं न्हाई का? ह्यानं वाचलं न्हाई का?"

"मी तर भारी म्हणलो," कॅमेरेवाला म्हणाला. "त्याचं काय करता?"

सरांनी पोस्ट काढायला लावली. मग म्हणाले, "काढली तरी बघणाऱ्यांनी बघितली. गिऱ्हाइकाला तोंड दाखवा. तिघं बी जा."

आम्ही एसटीनं निघालो. वाटेत कॅमेरेवाला मला 'राहिला-राहिली' शिकवत होता. "बस चालून राहिली. ड्रायव्हर गुटखा खाऊन राहिला. तू खिडकीतून बघून राहिली." मागच्या सीटवरची म्हातारी म्हणाली, "कोनत्या शाळेत शिकवून राहिला रे बाबा हे?" मलाही हसू आलं.

ताईनं आम्हाला आधी पाणी दिलं, मग बोलली, मग आमच्याबरोबर शेतात आली. बाप हळद शिजवत होता. पिंपाएवढ्या कुकरमधून वाफ निघत होती, पिवळा वास सगळीकडं. शिजलेली हळद पसरायला लेकही तिथंच होती, फावडं घेऊन. तिनं आमच्याकडं पाहिलं आणि पुन्हा हळदीकडं.

बोलकी बोलायला गेली तर बापानं हात वर केला. "ल्हिलं कुनी?"

मी पुढं झाले. म्हटलं, "काका, मी. माझा गाव मालवणाकडं. मला तुमचं बोलणं कळलं नाही. तुम्ही म्हणालात जाऊन राहिली, मला वाटलं, राहिली."

त्यानं कुकरखालचं लाकूड आत सरकवलं. मग म्हणाला, "तुमच्याकडं काय म्हन्तेत मंग?"

"चेडू जाता."

"च्येडू?"

"मुलगी. मुलगी जाते."

"अन् येऊन राहिली?"

"येता."

"आन् राहिली? खरी राहिली?"

"रवली."

त्यानं लेकीकडं पाहिलं. "ऐकलं का गं च्येडू?" ती खाली मान घालून हसायला लागली. तो काही हसला नाही, पण आवाज उतरला. "बाई, तू इतक्या लांबून आलीस, तुझ्या बापाला कुनी पुसत आसंल का, पोरगी कुठं राहिली म्हणून?"

"पुसतात," मी म्हटलं. खरंच पुसायचे. आईनं फोनवर सांगितलं होतं.

"मंग तुला ठावं हाय तकलीफ." एवढं बोलून तो हात धुवायला गेला.

पुन्हा बोलायला तो सहज तयार झाला नाही. ताईनं समजावलं, बोलकीनं समजावलं. शेवटी म्हणाला, "बोलतो. पन मी जसं म्हनलो तसंच ऱ्हाऊ द्यायचं. तुमची सुद्द भाषा माझ्या तोंडाखाली लावायची न्हाई." मी कबूल केलं. पुण्यामुंबईच्या माणसाला नाही कळलं तर त्यानं आमच्यासारखं विचारावं.

या खेपेला ओटा नाही, वाफेपुढंच उभा राहिला. सदऱ्यावर हळदीचे हात उमटलेले. कॅमेरेवाला पुसायला गेला तर बोलकीनं त्याला मागं ओढलं. बाप म्हणाला, "माझी पोरगी माझ्या घरी राहती. अभ्यासिकेत जाऊन राहिली. जाती, बसती, येती. ज्याला फरक कळंना त्यानं मला येऊन पुसावं, मी हितंच हळद शिजवून राहिलो."

आम्हाला वाटलं झालं. तेवढ्यात लेकीनं फावडं टेकवलं आणि आपणहून कॅमेऱ्यात आली. "मी घरी राहते. अभ्यासिकेत जाऊन राहिले. पोलीस झाल्यावर कुठं राहीन, ते तवा बघू."

कॅमेऱ्याबाहेर बाप मोठ्यानं हसला. तो हसण्याचा आवाज आम्ही काढला नाही. एडिट करताना कॅमेरेवाला म्हणाला, आवाज खराब आहे, कुकरची शिट्टी पण आलीय. आम्ही दोघींनी त्याला हात लावू दिला नाही. पहिल्या चित्रावरचा मजकूर पुन्हा माझ्याकडंच दिला. मी नको म्हणत होते. बोलकी म्हणाली, "आता तुझ्याइतकं ह्या शब्दाला कुनी भ्यालेलं न्हाई. तूच लिही." मी लिहिलं: 'राहते घरी. जाऊन राहिली अभ्यासिकेत.' पाठवण्याआधी ताईला आणि बापाला वाचून दाखवलं. बाप फोनवर म्हणाला, "बराबर."

तो व्हिडिओ मग गावोगाव फिरला. ज्या मामानं फोन केला होता त्यानंच तो आपल्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, 'भाची.' वसमतच्या बाजारात एका हळद विकायला आलेल्या माणसानं काकांना तो दाखवला. काका म्हणाले, "हे आमच्या पोरीनं लिहिलंय." ते मला आयुष्यात पहिल्यांदा आमची पोरगी म्हणाले, आणि तेही माझ्या पाठीमागं. मला मावशीनं सांगितलं.

लेक दुसऱ्याच दिवशी अभ्यासिकेत परत गेली होती. त्यानंतर तिच्या गल्लीतल्या त्या दोघी आल्या, आणि आणखी काही. उन्हाळा लागला तरी हॉल कुणाला दिला नाही. समितीतले एक आजोबा फळ्याशी उभे राहून ताईला म्हणाले, "आता सतरंज्या कमी पडून राहिल्या." ती तक्रार होती की शाबासकी, ताईला अजून कळलेलं नाही. सतरंज्या मात्र त्यांनीच पाठवल्या.

आम्ही कोर्सचा शेवटचा दिवस ताईकडं घालवला. हॉलच्या दारात चपलांचा ढीग होता. एक आई मुलीला सोडायला आली होती, आत पाय टाकायला तयार नव्हती. मला तिथलीच समजून तिनं विचारलं, "ताई, इथं राहावं लागत न्हाई ना?"

"नाही हो," मी म्हटलं. "जाऊन राहायचं फक्त."

माझी मलाच चूक ऐकू आली. जाऊन राहायचं म्हणजे तर पुन्हा राहायचंच. मी घाईघाईनं म्हणाले, "म्हणजे जायचं, बसायचं, यायचं." व्हिडिओतले बापाचे ते शब्द ऐकून तिला ओळख पटली. "तुमीच का त्या, व्हिडिओवाल्या?" म्हणाली, आणि लेकीला आत ढकलून चपला नीट लावत बसली.

संध्याकाळी आईचा फोन आला. "काय गो, येतलंस कधी? का थंयच रवलंस?"

मी म्हटलं, "आई, मी राहून राहिले."

"म्हंजे काय ता?"

मी तिला सगळं पहिल्यापासून सांगायला बसले.