बाबांच्या छातीतला वाल

बाबांचा खोकला तीन आठवडे हटेना, म्हणून डॉक्टरबाईंनी छातीचा एक्स-रे काढायला लावला. संध्याकाळी रिपोर्ट माझ्या मोबाइलवर आला. आम्ही थळला राहतो आणि मी अलिबागला ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्रातला वनस्पतींचा भाग शिकवते. त्यामुळे घरात इंग्रजी आणि शास्त्र दोन्ही माझ्याच गळ्यात.

"काय लिवलंय?" बाबांनी विचारलं.

"उजवं हायलम ठळक दिसतंय."

"म्हंजे?"

हायलम तर माझ्या रोजच्यातलं. आई समोरच बिरड्यासाठी मोड आलेले वाल सोलत बसली होती. मी एक दाणा उचलून त्याच्या कडेची पांढरी रेघ दाखवली. "बी शेंगेला चिकटलेलं असतं ना, तिथली ही खूण. हिला हायलम म्हणतात."

बाबा दाण्याकडे बघत राहिले. "मंग माज्या छातीत वाल हाय?"

"तसं नाही हो!" मी म्हणाले. पण छातीतलं हायलम मलाही नवीनच होतं. मोबाइलवर शोधायला गेले, तर दुसऱ्याच ओळीत गाठ, क्षय असले शब्द. फोन पालथा ठेवला आणि आईबरोबर वाल सोलायला बसले.

तोवर बाबा ओट्यावर जाऊन शेजारच्या काकींना सांगून मोकळे झाले होते. सकाळपर्यंत सगळ्या आळीला कळलं. काकी आल्या त्या फणकारतच. "पोपटीतल्या वालाच्या शेंगा खाताना हसत व्हते, तवाच मी बोलले, दाना नळीत जाईल!" समोरच्या घरातल्या काकांनी पाठीत गुद्दे घालायची तयारी दाखवली. बाबांना खोकायलाही फुरसत नव्हती, इतकी माणसं विचारपूस करून गेली.

दुपारी डॉक्टरबाईंकडे गेलो. बाबांनी वालाची हकिकत सांगितली. त्या माझ्याकडे बघायला लागल्या, तसे बाबा घाईघाईने म्हणाले, "ही झाडांची मास्तरीण हाय, माणसांची न्हाय."

बाई हसल्या. श्वासनळी आणि रक्तवाहिन्या फुप्फुसात जिथून शिरतात, त्या जागेलाही हायलमच म्हणतात, ते सगळ्यांनाच असतं, असं त्यांनी समजावलं. मग फोटो नीट निरखून म्हणाल्या, "काका, तुम्ही तिरके उभे होतात. म्हणून ते मोठं दिसतंय. पुन्हा काढू."

या वेळी बाबा ताठ उभे राहिले. फोटो स्वच्छ आला. माझ्या डोळ्यांत एकदम पाणीच आलं, ते मी घाईने पुसलं. बाबा रक्तदाबासाठी घेत होते त्या गोळीनेही असा खोकला येतो, म्हणून बाईंनी गोळी बदलली, आणि पंधरवड्यात तो गेलाही.

आता बी शिकवताना मी दोन्ही हायलम सांगते. परवा पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "मॅडम, फक्त फुप्फुसालाच असतं, की मूत्रपिंडालाही?"

"उद्या सांगते," म्हणाले, आणि सुटल्यावर थेट लायब्ररी गाठली.