गालावरचे व्रण

आमच्या घरात बोलण्याचा दुष्काळ कधीच नव्हता. जेवताना, भांडताना, शेजाऱ्यांच्या उखाळ्यापाखाळ्या काढताना सगळ्यांची तोंडं सुरूच असायची. फक्त कामाबद्दल कोणी कोणाला काही विचारत नसे. अमरावतीतल्या आमच्या ओतकामाच्या कारखान्यात बाबा आणि अकोल्याचे मास्तर यांनी कितीतरी वर्षं एकत्र काम केलं, तेही असंच, जवळजवळ मुक्यानं. मास्तर मूर्तिकार, शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. ते पुतळा घडवायचे आणि बाबा तो ब्राँझमध्ये ओतायचे. मला त्या न बोलण्याचं फार कौतुक होतं. आता त्याचाच राग येतो.

तिवशाकडच्या एका गावात शाळेच्या बाई वारल्या, चांगल्या पिकल्या वयात. जुन्या विद्यार्थ्यांनी त्यांचा अर्धपुतळा करायचं ठरवलं आणि मास्तरांकडे आले. मास्तर स्वतः पहिलीला त्याच बाईंच्या हाताखाली होते. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं व्हायचं होतं, तरी त्यांनी काम घेतलं. गावकऱ्यांनी बाईंचा एक फोटो दिला होता. स्टुडिओतला, रंग भरलेला, गाल अगदी गुळगुळीत. त्याची एक प्रत आमच्याही भिंतीवर लागली.

मास्तरांच्या साच्यातून बाबा पुतळ्याची पोकळ मेणाची प्रत काढायचे. तिच्यावर मास्तर शेवटचा हात फिरवायचे. मग मेणावर मातीचे थर चढायचे, भट्टीत मेण वितळून वाहून जायचं आणि त्या रिकाम्या जागेत धातू ओतला जायचा. मेणावर जे असेल तेच ब्राँझमध्ये उतरणार. एरवी मास्तर त्यासाठी अमरावतीला येत. या वेळी डोळ्यामुळे बाबाच मेण घेऊन अकोल्याला गेले आणि आठवड्यानं परत घेऊन आले, लाकडी खोक्यात, ओल्या पंच्यात गुंडाळून. थंडीचे दिवस होते, पण वऱ्हाडातल्या दुपारच्या उन्हावर थंडीतही भरवसा ठेवता येत नाही.

खोकं उघडलं तेव्हा मी शेजारीच उभी होते. बाईंच्या गालांवर, नाकावर, कपाळावर बारीक बारीक खड्डे दिसत होते. बाबा वाकून पाहत राहिले.

"बुडबुडे राह्यले," ते म्हणाले. "माह्याच हातून राह्यले असतील. मास्तराले दिसले नाही."

"मग फोन करून विचारा ना," मी म्हटलं.

"काहून? म्हाताऱ्या माणसाले लाजवाले?"

त्यांनी स्पिरिटचा दिवा पेटवला, लोखंडी पट्टीचं टोक तापवलं आणि एकेक खड्डा भरत बसले. इतक्या हळुवार हातानं त्यांना काम करताना मी क्वचितच पाहिलं होतं. मास्तरांच्या कानावर यातलं काही जाऊ द्यायचं नाही, असं त्यांनी मला बजावून सांगितलं. इतक्या मायेनं केलेलं वाटोळं मी आयुष्यात दुसरं पाहिलेलं नाही.

ओतकाम फार सुरेख उतरलं. पुतळा गावी जाण्याआधी मास्तर एसटीनं आले. चष्मा काढून त्यांनी बाईंच्या गालावरून बोटं फिरवली, मग दुसऱ्या गालावरून.

"व्रण कुठं गेले?"

"कोणते व्रण?" बाबांनी विचारलं.

"देवीचे. बाईले लहानपणी देवी आल्या होत्या. फोटोवाल्यानं पुसून टाकले ते. मी मेणावर एकेक टोचला होता."

बाबांचा चेहरा उतरला. उन्हानं मेण गेलं, असं तेव्हा खुशाल ठोकून द्यायचं होतं. पण आम्हाला नको तिथे खरं बोलायची खोड आहे.

"मले वाटलं, बुडबुडे आहेत," बाबा म्हणाले. "मले वाटलं, तुमाले दिसले नाही."

मास्तर स्टुलावर बसले. पुन्हा ओततो, अजून वेळ आहे, असं बाबा परत परत म्हणत होते.

"पुन्हा टोचीन मी," मास्तर म्हणाले. "पण नीट टोचलं का नाही, हे मले कसं समजंल?"

"तुमचं बरोबरच होतं. चूक माही झाली."

"इतकी वर्षं तू माह्या कामाले हात नाही लावला गड्या. या बारीले लावला, म्हणजे तुले काहीतरी दिसलंच असंल."

ते रागावले नाहीत. चहा घेतला, आईशी दोन शब्द बोलले आणि बसस्टँडवर गेले. रागावले असते, चार शिव्या दिल्या असत्या, तर बाबांना सोपं गेलं असतं. पुतळा तसाच गुळगुळीत बसला. अनावरणाला सगळे खूश होते. माझ्या शेजारची एक म्हातारी तेवढी म्हणाली, "लय गोऱ्यागोमट्या दिसून राहिल्या. आमच्या बाई अशा नव्हत्या."

त्यानंतर मास्तरांकडून काम आलं नाही. दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं, नजर चांगली आली, असं कळलं. यंदा दिवाळीनंतर बाबा मला घेऊन अकोल्याला गेले. टेबलावर मास्तरांच्या नातीचं मातीतलं डोकं होतं, त्यावर ओलं फडकं. मास्तरांनी फडकं काढलं आणि बाबांना पुढे बोलावलं.

"पाह्य बरं. काही चुकलं असंल तं नीट करून टाक. मले विचारू नोको."

बाबा बराच वेळ पाहत राहिले. मीही पाहिलं. हसू दाबणाऱ्या पोरीचे ओठ जसे होतात तसेच होते ते, अगदी हुबेहूब. खरोखरच त्यात बोट ठेवायला जागा नव्हती.

"काही नाही चुकलं, मास्तर," बाबा म्हणाले. "लय चांगलं झालं."

मास्तर हसले आणि त्यांनी फडकं पुन्हा टाकलं. आपल्याला वाईट वाटू नये म्हणून बाबा चूक दिसली तरी सांगत नाहीत, अशी त्यांची आता पक्की समजूत झाली होती.